भिंतीपलीकडची शर्यत

एका गावात दोन जावा राहायच्या. धाकटीचं नाव हर्षदा. ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, "माझ्याइतकी मूर्ख बाई पंचक्रोशीत सापडायची नाही. खेळातली मोटार डावीकडं वळली, की मी खुर्चीसकट डावीकडं वळते." आणि खरंच, चाळिशी उलटलेली ही बाई त्यापायी खुर्चीवरून पडलीसुद्धा होती.

मोटारींच्या शर्यतीचा तो कॉम्प्युटरवरचा खेळ तिला थोरल्या जावेनं, शैलजानं शिकवला होता. दुपारची भांडी आवरली की दोघी एकाच कीबोर्डपाशी बसायच्या. डावीकडची बटणं एकीची, उजवीकडची दुसरीची. कोपरानं ढकलाढकली चालायची.

पुढं दोघा भावांनी घर वाटून घेतलं आणि मधे भिंत आली. कॉम्प्युटर थोरलीकडं गेला, धाकटीनं दुसरा घेतला. इथवर ठीक होतं. बिनसलं ते संक्रांतीला. थोरली म्हणाली, धाकटीनं आधी तिळगूळ घेऊन यायचं असतं. धाकटी म्हणाली, थोरलीनं आधी बोलवायचं असतं. दोन्ही घरचा तिळगूळ डब्यातच राहिला. बोलणं थांबलं.

अशातच शैलजाच्या नवऱ्याची बदली दूर चंद्रपूरला झाली. रविवारी संध्याकाळी सामानाचा टेंपो यायचा होता. हर्षदाच्या मनात आलं, अबोला घेऊन गेलेलं माणूस परत आलं, तरी पाहुणा म्हणूनच येतं.

मधल्या भिंतीत जुन्या टेलिफोनच्या तारेचं भोक होतं. रविवारी दुपारी हर्षदानं आपल्या कॉम्प्युटरला नेटवर्कची लांब वायर लावली आणि तिचं दुसरं टोक भोकातून सरकवलं. दोन कॉम्प्युटर असे जोडले, की दोन घरांत बसून एकच शर्यत खेळता येते.

बराच वेळ काही झालं नाही. मग पलीकडून कुणीतरी वायर हळूच ओढून घेतली. वायरीपाशी हिरवा दिवा लागला.

आता एकीनं खेळात शर्यतीची खोली उघडायची आणि दुसरीनं त्या खोलीत यायचं, एवढंच उरलं होतं. हर्षदानं खोली उघडली. पडद्यावर तिच्या नावाखाली एक जागा रिकामी दिसू लागली. ती वाट बघत बसली.

कुणी आलं नाही.

"वायर सुटली असेल," तिचा नवरा दिगंबर म्हणाला.

"दिवा लागलाय की. बसलीय ती तिथंच. यायचं नाही, एवढंच."

"मग तू जा."

"वायर कुणी घातली? मी. आता येणं तिचं काम."

बाहेर टेंपो मागं येत असल्याचा आवाज झाला. आता पलीकडचा कॉम्प्युटर खोक्यात जाणार. हर्षदाचे डोळे भरून आले, आणि त्याहून जास्त राग आला. तिनं आपली खोली बंद करून टाकली.

तेव्हा कुठं, आपली खोली उघडी असेतो न दिसणारी, दुसऱ्यांच्या खोल्यांची यादी पडद्यावर आली. यादीत एकच नाव होतं. शैलजा. खाली एक जागा रिकामी.

म्हणजे तीही आपली खोली उघडून बसली होती. कुणी येईल म्हणून.

हर्षदाचा हात थांबला. पुन्हा मीच का जायचं, हा विचार मनात आलाच. मग तिला आठवलं, वायर आपण घातली खरी, पण तिळगूळ घेऊन आपणही गेलो नव्हतो. तिनं त्या नावावर क्लिक केलं.

दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. शर्यत सुटली. पहिल्याच वळणावर हर्षदा खुर्चीसकट आडवी झाली.

तिथूनच, जमिनीवर पडल्या पडल्या, ती भोकाकडं तोंड करून म्हणाली, "जाऊबाई, मी मूर्ख. इतका वेळ म्हणत होते, तुम्ही येत नाही."

पलीकडून आवाज आला, जराही न हसता.

"वळणावर खुर्ची धरून बस, म्हटलं होतं ना. ऊठ आता. थांबलेय मी."

तात्पर्य: एक पाऊल टाकलं म्हणून बाकीची वाट दुसऱ्यावर सोडू नये. आपली खोली सोडल्याशिवाय, दुसऱ्यानं आपल्यासाठी उघडं ठेवलेलं दार दिसत नाही.