मचाणाचा दोर

“मग दोर बांधायला का नाही शिकवलंत त्याला?”

विशांतने पुन्हा विचारलं. भिवा झोरे अंगणात बसून बंदुकीच्या नळीत चिंधी घालत होता. त्याने मान वर केली नाही.

मचाणावर बसावं तर भिवाने, असं सगळी पंचक्रोशी म्हणायची. रानडुकरं भातात शिरली की शेतसंरक्षणाची बंदूक घेऊन त्याची पोरं झाडावर चढायची. त्याची म्हणजे त्याने शिकवलेली; ती सगळी त्याला आजा म्हणायची. वारा कुठून येतो, खोकला कसा गिळायचा, नेम खांद्यामागे कुठे धरायचा, सगळं त्याने शिकवलं. आणि एक गोष्ट हसून शिकवली. दोराने बांधतात ते गुराला.

विशांतचा थोरला भाऊ लवू त्या हसण्यातच तयार झाला.

गेल्या पंधरवड्यात तो ऐनाच्या झाडावरच्या मचाणातून पडला. पहाटे डुलकी लागली असणार. पाठ मोडली. हाक मारायला छातीत श्वास नव्हता. सकाळी सापडला तेव्हा जिवंत होता, आणि त्याच्या भोवतीचं भात डुकरांनी खाऊन साफ केलं होतं. हाताजवळचंसुद्धा. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत काही तो पोचला नाही.

बाराव्याला भिवा आला. जेवला. ‘वाघ होता पोरगा,’ म्हणाला आणि हात धुऊन गेला.

आज त्याच मचाणावर विशांतची पाळी होती.

“आजा, मी तुमच्याशी बोलतोय.”

“ऐकतोय.”

“दादाने पट्टा आणला होता. विजेच्या खांबावर चढणारे लावतात तसला. तुम्ही सगळ्यांसमोर काय विचारलंत त्याला?”

“दूध किती देतोस रे, असं विचारलं.”

“त्यानंतर तो पट्टा घराबाहेर पडला नाही.”

“हसलं कोण कोण?”

“सगळे.” विशांत थांबला. “...मी पण.”

भिवाने चिंधी बाहेर ओढली. काळी झाली होती. उलटी करून पुन्हा आत घातली.

विशांत कॉलेज अर्ध्यावर सोडून घरी बसलेला. मोठ्यांची भीड त्याने कॉलेजच्याही आधी सोडली होती.

“तुमचं बरं आहे. पोरं मरतात, तुम्ही वाघ म्हणता. जेवून घरी येता. नवीन पोरं धरता.”

“तोंड सांभाळ रे मेल्या!” आतून भिवाची म्हातारी, आनंदी, ओरडली. “कुणाशी बोलतोस?”

“बोलू दे त्याला,” भिवा म्हणाला. “तू तेल आण गो.”

“आत्ता?”

“आत्ता.”

“पोरासमोर?”

“समोरच.”

म्हातारी वाटी घेऊन दारात आली आणि तिथेच उभी राहिली. भिवाने बंदूक बाजूला ठेवली. बंडी गळ्यापर्यंत वर केली.

त्याला उघड्या अंगाने कुणी पाहिलं नव्हतं. नदीवर आंघोळसुद्धा तो बंडी घालूनच करायचा. काहीतरी नवस असेल, असं लोक म्हणायचे.

या काखेपासून त्या काखेपर्यंत छातीवरून एक काळा वळ गेला होता. बोटभर रुंद. कातडी सोलून निघून पुन्हा कशीबशी चिकटल्यासारखी.

म्हातारी खाली बसली. तेलात बोटं बुडवून सवयीने चोळायला लागली.

“थंडी पडली की अजून ठणकतं,” ती म्हणाली. “गावाला सांगितलं होतं, ताप आलाय.”

“तुम्ही पडला होतात,” विशांत म्हणाला.

“झोप लागली. सुटलो. दोराने धरलं.”

“म्हणजे अंगावरच्या घोंगडीखाली दोर बांधायचात.”

“दरवेळी.”

“आणि आम्हाला...”

“हसायचो.”

“का?”

“भिणाऱ्याकडे शिकायला कोण आलं असतं?”

विशांत त्या वळाकडे बघत राहिला. म्हाताऱ्याला कळत नाही, एवढंच धरून तो भांडायला आला होता. अडाणीपणा असता तर एक वेळ गिळला असता. पण याला माहीत होतं. दादाला ‘दूध किती देतोस’ विचारताना, तेव्हासुद्धा याच्या छातीवर हा वळ होता.

“तू मारलंस त्याला.”

आजाला तो ‘तू’ म्हणाला. म्हातारीचा हात थांबला.

“हो,” भिवा म्हणाला.

“मग सांग गावाला. देवळासमोर उभा राहा आणि कर ही बंडी वर.”

भिवा उठला. ओटीवरच्या घोंगडीच्या घडीतून दोर काढला. काथ्याचा, वापरून मऊ पडलेला. विशांतचा शर्ट उघडाच होता. भिवाने तो बाजूला सारला, बनियनवरून दोर काखेखालून फिरवला, गाठ मारली आणि दोन्ही हातांनी ओढून पाहिली.

“जमिनीवरच बांधायचा. दुसऱ्या टोकाचा फास खोडाभोवती टाकून वर सरकवत चढायचं. उतरतानाही तसंच. बसलास की खोडाला डोक्याच्या वर आवळायचा. ढील ठेवलीस तर पडल्यावर दोरच मारील. बंदूक भरलेली नको. रिकामी खाली ठेव आणि बसल्यावर सुतळीने ओढून घे.”

हे तो पहिल्यांदाच कुणाला तरी शिकवत होता. आवाज कापत नव्हता. विशांतला सगळ्यात जास्त चीड त्याचीच आली. दादाला हे सांगायला किती वेळ लागला असता? विडी ओढण्याइतकाही नाही.

“देवळासमोर सांगणार की नाही?”

भिवाने गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली.

उन्हं कलली होती. पाणंदीतून पोरं येत होती, विशांतला मचाणापर्यंत पोचवायला. कुणीतरी डुकरासारखं हुंकारलं, बाकीचे खिदळले.

“काय रे विशांत! आजाचा आशीर्वाद घेतलास की नुसता चहाच पितोयस?”

विशांतने तिकडे पाहिलं. पोरं वळणावर आली होती. त्याचा हात आपसूक वर गेला आणि तो शर्टाची बटणं लावायला लागला. गळ्यापासून एकेक, घाईघाईने.

भिवाने डोक्यावरून बंडी काढली. अंगणाच्या दगडी गडग्यावर टाकली. तेलाने चकाकणारा वळ घेऊन तो पाणंदीकडे तोंड करून उभा राहिला.

“बटणं कशाला लावतोस रे?” तो म्हणाला.