कुंकू लावलेला मास्क

एकदा एका रंगाच्या कारखान्यात हौद धुवायला उतरलेला कामगार वर आला नाही. तळाशी साठलेल्या वायूने तो तिथेच गेला. काही दिवसांनी तोच हौद पुन्हा धुवायचा होता, आणि पाळी त्याच्या धाकट्या भावाची, तुळशीरामची होती.

युनियनचा तरुण चिटणीस वृद्ध पुढाऱ्याकडे आला. "तात्या, आपले लोक अडाणी, म्हणून मरतात. मी शिबिर घेतो. हवेच्या नळीचा मास्क कसा लावायचा ते शिकवतो. चित्रं तयार आहेत."

"हौद पाहिलास?"

"ऑफिसात विचारलं. मास्क आहे म्हणाले."

तात्यांनी शिबिर हौदाच्या कडेला भरवायला लावले. चिटणीस पहिले चित्र उघडतो तोच ते म्हणाले, "ते राहू दे. मास्क घेऊन ये." मग कामगारांकडे वळले. "हा येईपर्यंत श्वास रोखा. समजा, आपण सगळे खाली आहोत."

"तात्या, जिवंतपणीच तिरडी बांधता का?" कोणीतरी म्हणाले. लोक हसले, पण सर्वांनी नाक दाबले.

चिटणीस धावला. मास्क मॅनेजरच्या केबिनमध्ये, काचेच्या कपाटात. कपाटाला कुलूप. किल्ली स्टोअरकीपरकडे आणि स्टोअरकीपर जेवायला गेलेला.

इकडे एकेकाने नाक सोडले. हसणे केव्हाच थांबले होते. शेवटी तुळशीराम उरला. डोळे लाल, मानेच्या शिरा ताठ. मग त्याचेही तोंड उघडले. खोकत खोकत तो हौदाच्या तळाकडे बघत राहिला.

मग चिटणीस आला. त्याच्या हातातल्या मास्कच्या काचेवर हळदकुंकवाची बोटे होती, नळीला झेंडूची वाळकी माळ. खंडेनवमीला पुजून परत कपाटात ठेवलेला. आतले प्लास्टिकचे वेष्टनही अजून काढलेले नव्हते.

"जरा उशीर झाला," तो म्हणाला.

"माणसं मेली," तात्या म्हणाले. "तुझ्या चित्रात कुलूप कुठं आहे? जेवायला गेलेला स्टोअरकीपर कुठं आहे? शिकवायच्या आधी कामाची जागा बघ. इथं माणूस कशानं मरतो ते बघ. मग काय शिकवायचं ते कळेल, आणि त्याच्या आधी काय मागायचं तेही."

तुळशीराम हलकेच म्हणाला, "दादाला मास्क लावता येत होता. मागच्या शिबिरात बाहेरून आणलेला मास्क सगळ्यांना त्यानंच लावून दाखवला होता."

चिटणीसाने चित्रे गुंडाळली.

संध्याकाळी स्टोअरकीपर मास्क परत न्यायला आला. तुळशीराम तो मांडीवर घेऊन हौदाच्या कडेलाच बसला होता, ओल्या फडक्याने काचेवरचे कुंकू पुसत.

"कुलूप घेऊन जा," चिटणीस म्हणाला. "मास्क इथंच राहील. तो हाताशी नसेल तर हौदात कोणी उतरणार नाही."