न सांगितलेलं ओझं

फार फार वर्षांपूर्वी, रस्ते थोडे आणि पायवाटा पुष्कळ होत्या त्या काळी, घाटावरच्या एका गावात एक विणकर राहत होता. घरात त्याची तरुण बायको, सात महिन्यांची मुलगी आणि म्हातारे वडील. विणकराचा हात फार चांगला. पण त्या लहानशा गावात लुगडी घेणारं कोण? एकेक लुगडं बायका सहा सहा वर्षं पुरवायच्या.

एकदा राणीने दवंडी पिटवली. घाटाखाली, नदीच्या पलीकडे नवी पेठ वसते आहे. येणाऱ्या विणकराला राहायला घर आणि माग मांडायला पडवी मिळेल. अट एकच. पौर्णिमेला घरं वाटली जातील, आणि त्या दिवशी ज्याचा माग आणि बिऱ्हाड दारात हजर, त्याचंच घर.

विणकर नाव नोंदवायला पुढे गेला. नाव नोंदवलेल्याने पेठ सोडायची नाही, असा तिथला नियम. म्हणून त्याने एका वाटसरूबरोबर निरोप धाडला. "माग घेऊन ये. बाबांना घेऊन ये. पौर्णिमा चुकवू नकोस."

बायकोला धसकाच बसला. ती आजवर माहेरहून सासरी आली होती, तेवढाच काय तो तिचा प्रवास, आणि तोही दोन कोसांचा. आता पदरात तान्हं पोर, सोबत म्हातारे सासरे, आणि डोक्यावर अख्खं घर. जवळ काय, तर नवऱ्याने विणून ठेवलेली सात कोरी लुगडी. तीच तिची सगळी पुंजी. पौर्णिमेला बारा दिवस राहिले होते.

तिने आधी गाडीवानाला बोलावलं. तो आला आणि अंगणातच उभा राहिला. वहाणाही काढल्या नाहीत त्याने. दारातून एकदा आत डोकावला आणि म्हणाला, "चार लुगडी. उद्या निघू."

चारच! तिचा जीव भांड्यात पडला. ती हो म्हणणार, तेवढ्यात कोपऱ्यातून सासऱ्यांनी विचारलं, "काय हो, तुमची गाडी घाट उतरते का?"

"गाडी घाटमाथ्यापर्यंत. पुढे हमाल मिळतात."

"हमाल किती घेतात?"

"ते हमालांना विचारा."

"आणि नदीवरची होडी?"

"होडी होडीवाल्याची. मी कशाला सांगू?"

सासरे हसले. "म्हणजे चार लुगड्यांत तुम्ही आम्हाला अर्ध्या वाटेवर सोडणार, आणि तिथून आम्ही पुन्हा नव्याने निघणार."

"मग चार लुगड्यांत काय राणीचा मेणा हवा होता, आजोबा?" असं म्हणून गाडीवान चालता झाला.

दोन दिवसांनी एक तांडेवाली बाई आली. पन्नाशी उलटलेली, हातात चांदीचं कडं, आवाज असा की तीन शेतं ओलांडून जाईल. तिचे चार बैल होते आणि पाठीवर माल लादून ती घाट चढ-उतार करायची. तिने वहाणा काढल्या. पाणी मागून प्यायली आणि न विचारता सरळ घरात शिरली.

एकेक वस्तू उचलून बघू लागली. कणगीचं झाकण उघडलं. मागाचे लाकडी रूळ खांद्यावर घेऊन पाहिले. गोधड्या दाबून पाहिल्या. बायकोला कसंसंच झालं. परकी बाई आपल्या घरात हात घालते म्हणजे काय!

"हे उखळ न्यायचं?" तांडेवालीने विचारलं.

"सासूबाईंचं आहे ते."

"कुठे आहेत सासूबाई?"

"वारल्या."

"मग त्यांना काही कळायचं नाही. उखळ शेजारी दे. दगड घाटाखालीपण असतात."

मग ती बाहेर ओसरीवर बसली आणि कनवटीचे चिंचोके काढले. एक चिंचोका म्हणजे एक लुगडं. एक ठेवला, "हा नाक्यावरच्या जकातीचा." दुसरा ठेवला, "हा होडीचा." दोन ठेवले बैलांच्या चाऱ्याचे. तीन ठेवले स्वतःच्या मेहनतीचे. झाले सात.

सात! बरोब्बर सात. बायकोने मनातल्या मनात देवाला हात जोडले.

"आता एक सांग," तांडेवाली म्हणाली. "घरात सगळ्यात हळू चालणारं कोण?"

"म्हणजे?"

"अगं, वाट ओझ्यावर ठरत नाही. जो सगळ्यात मागे राहतो त्याच्या पायांवर ठरते. तू तर धडधाकट दिसतेस. पोरगी कडेवर. आणि ते आत खाटेवर बसलेत ते?"

"ते माझे मामंजी."

"चालतात?"

मामंजींचे गुडघे गेल्या दोन हिवाळ्यांपासून नारळासारखे सुजलेले. आडापर्यंत जायचं तर ते मध्ये दोनदा बसायचे. पण खरं सांगावं, तर ही बाई अजून एक बैल मागेल. आठवा चिंचोका खाली पडेल. आणि आठवं लुगडं आणायचं कुठून?

"चालतात की," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा भरभर चालतात."

आत खाटेवर बसलेल्या सासऱ्यांनी ते ऐकलं. जरा वेळाने ते बाहेर आले. काठी आतच ठेवली होती. ताठ मानेने अंगण ओलांडून कडुनिंबापर्यंत गेले, एक काडी मोडली आणि तसेच ताठ परत आत गेले. त्या पन्नास पावलांत त्यांना काय झालं, ते एका सुनेलाच कळलं. तिने मान खाली घातली.

तांडेवालीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "अजून काही सांगायचं राहिलंय?"

"नाही."

"राहिलं असेल तर आत्ता सांग. वाटेत कळलेलं मला एक वेळ चालेल, बैलांना नाही चालत."

"नाही म्हटलं ना, मावशी!"

"बरं बाई. सात लुगडी. तुझ्या या उंबऱ्यापासून तिथल्या उंबऱ्यापर्यंत. वर एक धागासुद्धा मागणार नाही. वाट पाच दिवसांची आहे. सहा दिवस आधी निघू, म्हणजे एक दिवस हाताशी राहील."

ठरल्या दिवशी ते निघाले. दोन बैलांवर माग, तिसऱ्यावर भांडी आणि गोधड्या. चौथा बैल कबरा, चौघांत सगळ्यात दांडगा आणि पायाचा पक्का. त्याच्यावर तांडेवालीच्या स्वतःच्या गुळाच्या ढेपा होत्या. घाटाखालच्या बाजारात त्या विकायच्या आणि वर्षाच्या चाऱ्याची सोय करायची, असा तिचा दर वर्षीचा नेम.

पहिल्या दिवशी सासरे सगळ्यांच्या पुढे होते. नातीला झाडांची नावं सांगत होते. दुसऱ्या दिवशी ते एक शेतभर मागे पडले.

"मामंजींना पाखरं बघायची भारी हौस," सून म्हणाली.

तिसऱ्या दिवशी एक टेकडीभर मागे पडले. त्यांच्यासाठी दर घटकेला थांबावं लागलं.

"तुझ्या मामंजींनी आज फारच पाखरं बघितली," तांडेवाली म्हणाली आणि बैलांना चुचकारत पुढे गेली.

चौथा दिवसही असाच रखडत गेला. हाताशी ठेवलेला दिवस केव्हाच संपला होता. पाचव्या दिवशी दुपारी कसेबसे घाटमाथ्यावर पोचले. खाली दरीत नदी सुतळीसारखी दिसत होती. वाट एक बैल मावेल एवढीच, आणि सगळा उतार. सासरे एका दगडावर बसले ते उठेचनात. गुडघ्याला गुंडाळलेलं फडकं त्यांनी सोडलं. गुडघे लालबुंद झाले होते.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "इथे जवळ धनगरांचा वाडा दिसतो. मला तिथे ठेव आणि तू पुढे हो. घर मिळालं की मुलाला पाठव. परवा पौर्णिमा आहे, पोरी."

मग मात्र सुनेला राहवलं नाही. ती तांडेवालीसमोर बसून रडू लागली. "मावशी, मी खोटं बोलले हो. त्यांना चालवत नाही. मला ठाऊक होतं. आठवं लुगडं नव्हतं माझ्याजवळ, म्हणून बोलले."

आईला रडताना बघून पोरगीही रडू लागली. तांडेवालीने आधी पोरीला उचलून खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "अगं वेडे, सांगितलं असतंस तर आपण चार दिवस आधी निघालो असतो. नदीच्या कडेने दुसरी वाट आहे, लांबची, पण सपाट. गूळ मी घरी ठेवला असता. आठवं लुगडं मी मागितलं असतं, तू नाही म्हणाली असतीस, दोघी तासभर भांडलो असतो, आणि मग मीच म्हटलं असतं, की बाई, पुढच्या साली दे. माणसं बोलून वाट काढतात गं. आता इथे कड्यावर मी कोणाशी भांडू?"

सुनेने पदराने डोळे पुसले.

"एक बैल रिकामा करायला हवा," तांडेवाली म्हणाली.

माग टाकला तर घर गेलं. सून उठली आणि भांड्यांच्या गाठी सोडू लागली. माहेरची भांडी होती ती. "ही टाका, मावशी."

"आणि पोरीला पेज कशात शिजवशील? ओंजळीत? सोड ते. आणि तो बैल बुजरा आहे, माणूस घेऊन घाट नाही उतरायचा."

असं म्हणत ती कबऱ्याजवळ गेली. एकामागून एक गुळाच्या ढेपा तिने खाली उतरवल्या. धनगरणीला हाक मारून म्हणाली, "बये, एवढा गूळ ठेव गं. मी येईपर्यंत राहिला तर माझा, नाही तर तुझ्या पोरांचा. आणि माकडं आली तर त्यांचापण आज सण!"

मग तिने कबऱ्याच्या पाठीवर गोधड्यांची बैठक केली. पण सासरे काही केल्या बसेनात. "बाई, तुमच्या वर्षभराच्या कमाईच्या जागी मी बसू?"

"बसा हो आजोबा. गुळापेक्षा हलके आहात, आणि तुम्हाला मुंग्यासुद्धा लागायच्या नाहीत."

म्हातारा हसला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

कबरा एकेक पाऊल चाचपून टाकत घाट उतरला. तांडेवाली त्याच्या कानाशी बोलत पुढे चालत होती आणि सून मागून सासऱ्यांच्या पाठीला हात लावून चालत होती. रात्री पायथ्याशी मुक्काम झाला. पुढचा दिवस सपाटीचा होता, पण बैल थकले होते. नदीला पोचेपर्यंत होडी बंद झाली. ती सकाळी मिळाली.

पौर्णिमेच्या दिवशी सूर्य डोक्यावर आला होता. पेठेत राणीचा कारभारी दारोदार फिरून घरं देत होता. बहुतेक दारांत माग उभे होते. एका रिकाम्या दारात विणकर हात जोडून म्हणत होता, "एवढ्यात येतील, महाराज. जरा थांबा."

"सकाळपासून तू एवढ्यातच म्हणतोस," कारभारी म्हणाला आणि पुढच्या विणकराला खूण करू लागला.

तेवढ्यात पेठेच्या तोंडाशी तीन शेतं ओलांडणारा आवाज आला. "माग आलाय हो! थांबा, माग आलाय!"

सगळी पेठ वळून बघू लागली. पुढे तांडेवाली, मागे चार बैल, आणि कबऱ्यावर मांडी घालून बसलेले म्हातारबुवा. कारभाऱ्याने माग बघितला, पोरीच्या गालाला हात लावला आणि किल्ली विणकराच्या हातात दिली.

बायकोने सात लुगडी तांडेवालीसमोर ठेवली. विणकर म्हणाला, "मावशी, गुळाचं नुकसान मी भरून देईन. थोडी मुदत द्या."

"सात ठरली होती, सात मिळाली. वर धागा मागणार नाही म्हटलं होतं मी. तुझी बायको खोटं बोलली म्हणून मीपण बोलू?"

बायकोने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "मावशी, तुम्ही नसतात तर मामंजी घाटावर राहिले असते आणि मी जन्मभर तोंड लपवून जगले असते."

"माझ्या पाया कशाला पडतेस? कबऱ्याच्या पड. घाट त्याने उतरवला."

ती खरोखरच कबऱ्याच्या पाया पडली. त्याच्या मानेत हात घालून बराच वेळ उभी राहिली. कबरा शांतपणे रवंथ करत होता.

पडवीत माग मांडला. पेठ चालू लागली, घरात दोन घास आले. पण त्या मागावर पहिलं विणलं गेलं ते विकायचं लुगडं नव्हे. ती होती बैलाची झूल, लाल काठांची. तिच्या सुताच्या कांड्या सासऱ्यांनी पडवीत बसून भरून दिल्या. पुढच्या साली तांडेवाली आली तेव्हा तिने झूल उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "हे भाडं नाही ना? मग घेते." त्या दिवशी ती त्यांच्याकडे जेवली आणि मुक्कामाला राहिली. पुढे दर वर्षी येत राहिली, आणि त्या पोरीला ती आजीच वाटू लागली.

पेठेत कोणी बिऱ्हाड हलवायला निघालं की विणकराची बायको त्यांच्या घरी जाऊन बसायची. माल नेणारा आला की घरातल्यांच्या आधी हीच बोलायची. "आधी आत या. सगळं बघा. हे दुखणारे गुडघे बघा, हे रडकं पोर बघा, ही गाभण शेळी बघा. आणि मग काय ते भाडं सांगा."

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आयांनो, तुम्हीही लक्षात ठेवा: आपलं ओझं ज्याच्या खांद्यावर द्यायचं, त्याच्यापासून ते कधी लपवू नये.