गोदू आणि भोपळ्याच्या फुलातली परी

डोंगराच्या कुशीत एक इवलंसं गाव होतं. गावात लाल कौलांची शाळा होती, शाळेमागे हिरवीगार बाग होती आणि दुसरीच्या वर्गात अगदी मागे गोदू नावाची एक चिमुरडी बसायची.

गोदूची आई बांबूच्या टोपल्या विणायची. जिथे बांबू मिळेल तिथे बिऱ्हाड न्यायचं, बांबू संपला की पुढचं गाव गाठायचं. त्यामुळे गोदूची पहिली या गावात थोडी, त्या गावात थोडी अशी सांडून गेली होती. तिच्या फ्रॉकला ठिगळ होतं, दप्तराचा बंद तुटका होता. त्याचं तिला काही वाटत नसे. पण फळ्यावरची अक्षरं तिला ओळख देत नसत, आणि त्याचं मात्र तिला फार वाटे. बाकीची मुलं घडाघडा वाचायची. गोदूच्या डोळ्यांपुढे अक्षरं मुंग्यांसारखी सैरावैरा पळायची.

श्रावणात एकदा वर्गाच्या मनोरमाबाईंनी तिला जवळ घेतलं. "गोदू, दिवाळीच्या सुट्टीआधी आपल्याकडे वाचनाचा दिवस असतो. सगळ्यांचे आईबाबा येतात. तोवर तुला एक पान वाचता आलं पाहिजे. नाहीतर सुट्टीनंतर पहिलीच्या मुलांत बसावं लागेल, बाळ."

घरी हे ऐकून आई म्हणाली, "मी येणार ऐकायला. आपल्या घरात आजवर कुणी वाचलं नाही, गोदे. तूच पहिली."

गोदूने पुस्तक दप्तरात अगदी तळाशी सारलं.

दुसऱ्या दिवशी आई टोपल्या घेऊन लवकर बाजाराला निघाली, म्हणून गोदूही लवकर शाळेत आली. बागेत सोनेरी ऊन नुकतं उतरत होतं. पानापानांवर दवाचे टपोरे थेंब लुकलुकत होते. भोपळ्याच्या वेलीवर एक पिवळंधमक फूल उमललं होतं, आणि फुलाशेजारच्या कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी फडफडत होतं.

गोदू वाकून पाहते तर काय, एक इटुकली परी! तिचा झगा भोपळ्याच्या फुलासारखा पिवळा होता, केसांत दवाचे मणी होते आणि एक झिरझिरीत पंख जाळ्यात अडकला होता.

"हलू नकोस हं, पंख फाटेल," गोदू हळूच म्हणाली. तिने दप्तरातून बांबूची एक बारीक काडी काढली आणि जाळ्याचा एकेक धागा अलगद बाजूला सारत पंख मोकळा केला. जाळं तिने तुटू दिलं नाही. विणायला किती वेळ लागतो, हे तिला घरचंच ठाऊक होतं.

परी फुलाच्या काठावर बसली. "माझं नाव दवली. तू मला सोडवलंस आणि कोळ्याचं घरही राखलंस. हात पुढे कर."

गोदूच्या तळहातावर तीन चिमुकले मणी येऊन पडले. एक गुलाबी, एक हिरवा, एक सोनेरी.

"एका मण्याची एक इच्छा," दवली म्हणाली. "पण नियम ऐकून ठेव. इच्छा याच बागेत, सकाळची घंटा होण्याआधी मागायची. स्वतःसाठी मागशील ते शाळा सुटायच्या घंटेपर्यंत टिकेल. दुसऱ्यासाठी मागशील ते कायमचं राहील. आणि यातलं कुणाला सांगायचं नाही."

गोदूला धीर कुठला? तिने गुलाबी मणी मुठीत घट्ट धरला. "मला वाचता येऊ दे."

मणी विरघळला, आणि काय सांगावं! वर्गात फळ्यावरची अक्षरं शहाण्या मुलांसारखी रांगेत उभी राहिली. गोदूने धडा वाचला, भिंतीवरचे सुविचार वाचले, खडूच्या डब्यावरचं नावसुद्धा वाचलं. बाईंचे डोळे आनंदाने चमकले. पण शाळा सुटायची घंटा झाली आणि अक्षरांच्या पुन्हा मुंग्या झाल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी पुस्तक पुढे केलं, तेव्हा गोदू नुसती उभी राहिली. मग बागेत जाऊन पोटभर रडली.

"सोनेरी मणी वाचनाच्या दिवसासाठीच ठेवायचा," तिने मनाशी ठरवलं.

भाद्रपद आला. वर्गात गंमतच गंमत चालली होती. मुलांनी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून बेरजा केल्या. जास्वंदीची आणि पिंपळाची पानं रंगात बुडवून कागदावर ठसे उठवले. अंगणात उभं राहून आपापल्या सावल्या मोजल्या. बाईंनी प्रत्येकाला करवंटीत घेवड्याचं बी पेरायला दिलं होतं. नेमकं गोदूशेजारी बसणाऱ्या हनीफचं रोप शेळीने खाल्लं. दुसऱ्या दिवशी सगळे आपापलं रोप मोजणार होते. हनीफने रिकामी करवंटी दप्तराआड लपवून ठेवली.

सकाळी गोदूने बागेत हनीफसाठी रोप मागितलं आणि हिरवा मणी विरघळला. हनीफच्या करवंटीत पोपटी रोप डुलू लागलं, आणि ते घंटेनंतरही डुलत राहिलं. पुढे त्याचा वेल खिडकीच्या गजांवर चढला.

त्याच सुमारास पहिलीत मुक्ता आली. बोराएवढे डोळे, दोन शेंड्या, आणि तोंडातून शब्द नाही. ती गोदूचा फ्रॉक धरूनच बसायची. बाई म्हणाल्या, "बसू दे तुझ्यापाशी. तिला अक्षरं दाखवशील ना?"

मुक्ता खडूला हात लावेना. तेव्हा गोदूने घरून बांबूच्या पातळ पट्ट्या आणल्या. बाई पाटीवर अक्षर काढून देत आणि गोदू पट्टी ओली करून तसंच अक्षर वाकवी. 'ग'चा काना ताठ, 'म'ची गाठ इवलीशी, 'घ'ला दोन वळणं. एखादं वळण चुकलं की सोडवायचं आणि पुन्हा वाकवायचं. मुक्ता बोलत नसे, म्हणून आवाजही गोदूलाच काढावा लागे. "हा ग. हा म. हा घ." मुक्ता खुदकन हसे. असा आश्विन उजाडला.

वाचनाच्या दिवशी शाळेच्या दाराला झेंडूचं केशरी तोरण होतं. गोदू सोनेरी मणी घेऊन सकाळच्या कोवळ्या उन्हात बागेत आली. वेलीखाली मुक्ता बसली होती. तिला एका ओळीची कविता म्हणायची होती आणि तिचे बाबा खाणीवरचं काम सोडून ऐकायला येणार होते. मुक्ताने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

गोदूने मण्याकडे पाहिलं. तिला आई आठवली, पहिलीचा वर्ग आठवला. शिपाईमामा घंटेकडे चालत निघाले होते. गोदूने डोळे मिटले.

"मुक्ताची भीती जाऊ दे."

मणी विरघळला. मुक्ताने गोदूचे हात धरले आणि बारीक, गोड आवाजात विचारलं, "गोदूताई, तुझे हात एवढे गार का पडलेत?"

मुक्ताची कविता खणखणीत झाली. तिचे बाबा डोळे पुसत राहिले. मग बाईंनी हाक मारली, "गोदावरी."

गोदू पुढे आली. अक्षरं थरथरत होती. तिने पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. हे वळण तर तिने स्वतः वाकवलं होतं. "सु... ग... र... ण," ती म्हणाली. "सुगरण काडी काडी आणते." मग एका शब्दावर ती अडली. गोदूने तळहातावर बोटाने दोन वळणं गिरवली. "घ... घरटं. घरटं विणते."

असं अडखळत, थांबत, तिने पान संपवलं. बाईंनी सोडलेला श्वास ऐकू आला. मागे बसलेल्या आईने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

शाळा सुटायची घंटा झाली तेव्हा गोदूने भीत भीत पान पुन्हा उघडलं. अक्षरं जागच्या जागी उभी होती.

पण बाहेर आई बाईंना सांगत होती, "बाई, इथला बांबू संपला. सुट्टीत आम्हाला निघावं लागणार. बोचकी बांधून ठेवलीत."

गोदू बागेत धावली. दवली फुलावर बसली होती.

"आजचं वाचन तू केलंस का गं?" गोदूने विचारलं.

"छे. ते तुझ्या हातांनी केलं," दवली म्हणाली. "पण मी तीन मणी देते, तेव्हा चौथा माझा असतो. त्यावर मी तुझ्यासाठी इच्छा मागितली. आणि दुसऱ्यासाठी मागितलेलं कसं राहतं, ते तुला माहीत आहे."

तिने पंख पसरले. आधी पिवळा, मग सोनेरी, मग चंदेरी असा लख्ख प्रकाश बागेत पसरला. गोदूने डोळे चोळून पाहिलं तर फुलावर कुणी नव्हतं.

मायलेकी घरी पोचल्या, तर झोपडीमागच्या ओढ्याकाठी बांबूचं हिरवंकंच बेट सळसळत होतं. आई कितीतरी वेळ बांबूंवरून हात फिरवत राहिली. मग ती आत गेली, बोचकं सोडलं आणि ताटल्या-तांबे पुन्हा फळीवर मांडू लागली. गोदू एकेक भांडं तिच्या हातात देत होती.

गोदूच्या जिवावरचा भार जसा उतरला, तसा साऱ्या लेकरांचा उतरो.