ओल्या सारवणावरचं पाऊल

ऐक गं उंबरेमाई, तुझी कहाणी. नगर होतं आटपाट, पण आपल्याला साऱ्या नगराशी काय करायचंय? आपल्याला कोष्ट्यांच्या आळीतलं शेवटचं घर पुरे. हातातल्या अक्षता सांभाळा गं बायांनो, आणि मागच्यांनी कुजबूज थांबवा. ही कहाणी हळू आवाजाची आहे.

त्या घरात भिवरा नावाची कोष्टीण राहत होती. नवरा गेलेला, मुलगा नाही. एक लेक होती, मैना. मैनेचं लग्न झालं. मग वऱ्हाड जेवलं, मग उठलं, मग नवरीला गाडीत बसवलं. आता आईनं रडायला बसावं की नाही? पण भिवराला रडू आलं की ती काम काढी. तिनं पदर खोचला, शेण कालवलं आणि पाहुण्यांनी तुडवलेलं माजघर सारवायला घेतलं.

तिकडे मैनेचा जीव राहीना. आईच्या गळ्यात एकदा पडून येते म्हणाली, गाडी थांबवली, धावत मागं आली. मांडवात हात धुतलेल्या पाण्याचा चिखल झाला होता, त्यानं पाय भरले. उंबऱ्याशी आली. भिवरानं काही मान वर केली नाही. वर केली असती तर हंबरडाच फुटला असता. खालमानेनं म्हणाली, "जा आता. सारवण ओलं आहे, पाऊल उमटेल."

आपल्यात परक्यालासुद्धा कुणी 'जा' म्हणतं का? निघणारा 'येतो' म्हणतो, आपण 'या' म्हणतो. पण भिवराच्या तोंडून गेलं ते गेलं. मैनेनं उचललेलं पाऊल मागं घेतलं. मग वळली. मग गाडीत जाऊन बसली.

पहिला सण आला. भिवरा म्हणाली, रुसली असेल, येईल आपली आपण. मैना म्हणाली, आईनं 'जा' म्हटलंय, आता माहेराहून मूळ, न्यायला कुणी माणूस, आल्यावाचून जाऊ कशी? भिवरानं मूळ धाडलं नाही, मैना आली नाही. दोघी एकाच वळणाच्या, सांगायचं कुणी कुणाला.

मग चैत्राचा पाडवा आला. भिवरानं गुढी उभारली, कडुलिंबाचा पाला चावला, घरापुढं हात जोडले. म्हणाली, घरा घरा, नव्या वर्षाचा नेम करते. यंदा तुझ्या भिंती लिंपीन. तू साजरं दिसशील, माझ्या मैनेच्या कानावर जाईल, ती बघायला येईल. वर्षभर खपली, भिंती लिंपल्या. भिंती बघायला कोण आलं? कुणी नाही.

दुसरा पाडवा आला. घरा घरा, यंदा तुला नवी कवाडं लावीन. वर्षभर खपली, कवाडं लावली. कवाड कुणी वाजवलं? कुणी नाही.

तिसरा पाडवा आला. घरा घरा, यंदा तुला ओटा बांधीन. वर्षभर खपली, ओटा बांधला. ओट्यावर कोण बसलं? कुणी नाही.

बसणार कोण? शेजारीण विस्तव मागायला आली की भिवरा आतून सांगायची, बाहेरच थांब, सारवलंय, पाऊल उमटेल. दिवसातून दहादा तेच. पाऊल उमटू नये, माझ्या घरात पाऊल उमटू नये. तिला वाटे, लेक येईल तेव्हा घर आरशासारखं हवं. शेजारणी यायच्या थांबल्या. भिवरा एक भाकरी थापायची. अर्धी खायची, अर्धी झाकून ठेवायची, कुणी आलं तर म्हणून. संध्याकाळी तीच अर्धी आपण खायची. दुपारी माग थांबला की घर असं गप्प व्हायचं की ती उगीच पुन्हा मागावर जाऊन बसायची. हे ज्यांनी भोगलंय त्यांना मी काय सांगू?

चौथा पाडवा आला. दारात एक बुरडीण आली, डोक्यावर सुपं, पाय धुळीनं भरलेले. सूप दाखवायला आत येऊ लागली. भिवरा म्हणाली, तिथंच थांब, पाऊल उमटेल. बुरडीण थांबली. घर न्याहाळलं. म्हणाली, घर देखणं आहे हो, मग सुतक पडल्यासारखं का? भिवराला राग आला, आणि रागात सगळंच बाहेर आलं. तीन नेम केले, तिन्ही पुरे केले, तरी लेक येत नाही. आता चौथा कोणता करू?

बुरडीण म्हणाली, "बाई, वास्तू दिवसभर तथास्तु म्हणत असते. तू म्हणालीस, पाऊल उमटू नये. ती बिचारी तथास्तु म्हणाली."

भिवरा मटकन खाली बसली, ओल्या सारवणावरच. मग म्हणाली, ह्याला उपाय काय? बुरडीण म्हणाली, भिंतीदारांचे नेम पुरे झाले. पाडव्याला घर सारवावं, ज्याला 'जा' म्हटलं असेल त्याला त्याच तोंडानं 'ये' म्हणावं. वसा घ्यायला सोपा, चालवायला अवघड. सुटला तर लाजू नये, पुन्हा उचलावा. एवढं बोलून सुपं डोक्यावर घेऊन ती पुढच्या आळीला गेली.

भिवरानं वसा घेतला. पण घेतला कसा? अर्धा. रोज सारवी, दार उघडी आणि रस्त्याकडे बघून म्हणे, 'या'. पहिल्यांदा कोंबडी आली, पावलं उमटली. असू दे म्हणाली. मग वासरू आलं, खूर उमटले. असू दे म्हणाली. मग शेजारीण आली, दबकत, तिचंही पाऊल उमटलं. असू दे म्हणाली, पाट दिला. आळी बोलू लागली, ओट्यावर बायका बसू लागल्या. पण झाकलेली अर्धी भाकरी संध्याकाळी तशीच. 'या' साऱ्या जगाला म्हणता येतं गं. 'ये' म्हणायला एकच माणूस लागतं, आणि त्याच माणसापुढं मान खाली घालावी लागते.

वर्ष फिरलं, पाचवा पाडवा आला. भिवरानं पहाटे गुढी उभारली. म्हणाली, घरा घरा, यंदा तुला काही करत नाही. दार उघडं टाकलं, घराला 'येते हं' म्हणाली आणि चालू लागली. एक गाव गेलं, दुसरं गेलं, मग ओढा लागला, पाय ओले झाले, त्यावर फुफाटा बसला. तिसऱ्या गावात दुपारी मैनेच्या दारी आली.

बघते तर काय, सणाची पंगत उठलेली, आणि मैना एकटीच माजघर सारवते आहे. सणावारी आईची आठवण आली की तिलाही रडू येई, आणि रडू आलं की तीही शेण कालवी. लेक कुणाची?

भिवरा उंबऱ्याबाहेर थांबली. आपल्या पायांकडे बघितलं. म्हणाली, "मैने, वाळू दे. वाळलं की येते."

मैनेनं मान वर केली. आईला पाहिलं. आईचे पाय पाहिले.

"थांबू नको," ती म्हणाली. "ये आई."

भिवरा ओल्या सारवणावरून चालत गेली, पाऊल न् पाऊल उमटलं. लेकीला पोटाशी धरलं आणि पाच वर्षं घशात अडकलेला शब्द तिच्या कानात सांगितला, ये गं, घरी ये.

पुढं वैशाखात आखितीच्या सणाला मैना आली. भिवरानं मुद्दाम त्याच घटकेला सारवलं होतं. मैना पाय धुवायला वळली, तर भिवरानं तांब्या पदराआड धरला, आणि उंबऱ्याच्या आत मैनेचं पाऊल उमटलं. लेक चार दिवस राहिली, 'येते' म्हणून गेली. घर पुन्हा गप्प झालं, भाकरी पुन्हा अर्धी झाकली गेली. पण भिवरा अजून रोज सारवते, ती त्या एका पावलाच्या भोवतीनं.

भिवराला उंबरेमाई जशी पावली तशी तुम्हां-आम्हां पावो. कहाणी साठां उत्तरांची, पांचांत आटोपली. त्यातलं एक उत्तर, 'ये', ज्याचं त्यानं घरी नेऊन म्हणावं, म्हणजे ती सुफळ होईल, संपूर्ण होईल.