पायरीवरचे मास्तर

फार वर्षं झाली या गोष्टीला. डोंगराच्या कुशीतल्या कातळसुरीत तेव्हा सातवीपर्यंत शाळा होती आणि केसोमास्तर तिथले हेडमास्तर होते. धाकटी पोरं ते इतर मास्तरांवर सोपवत. सहावी-सातवीच्या पोरांना मात्र रोज सकाळी फाटकात स्वतः गाठत आणि एकच विचारत, "काय खाल्लंस?"

पोरं म्हणत, "पेज." एखादा म्हणे, "आईचा मार!" मग मास्तरही हसत. त्या वयाचं पोर मनातलं सांगत नाही, पण पोटातलं सांगतं. तेवढ्यावरून मास्तरांना त्याच्या घरातलं सगळं कळे, असं म्हणतात.

एके दिवशी तपासणीला साहेब यायचे होते. मास्तरांनी घाईने घंटा दिली. त्या सकाळी त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. सातवीतला धाकू साहेबांपुढे कविता म्हणायला उभा राहिला. त्याचा आवाज नुकता फुटू लागला होता. सारा वर्ग हसला, साहेबही हसले. मधल्या सुट्टीत धाकू बाहेर पडला आणि दुपार कलल्यावर शाळेमागच्या डोहात सापडला. पाय घसरला की काय, कोणालाच कळलं नाही.

तेराव्याला मास्तर त्याच्या आईपुढे बसले.

"त्या दिवशी काय खाऊन आला होता तो?"

"काही नाही," ती म्हणाली. "दोन दिवस ताटाला शिवला नव्हता. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

त्यानंतर मास्तरांनी विचारल्यावाचून कधी घंटा दिली नाही. एखादं पोर आलं नाही, की ते त्याच्या घरी जात आणि दाराच्या पायरीवर अन्नपाण्यावाचून बसून राहत. दारात उपाशी माणूस बसला असताना घरातली चूल पेटवायची नाही, ही त्या मुलखाची रीत. पोर दुपारच्या आत शाळेत येई.

मग खोतांची नात मथुरा यायची थांबली. तिचं लग्न ठरत होतं. ती जेवत नाही, असं गडी सांगत. मास्तर जाऊन पायरीवर बसले.

"उठा मास्तर," खोत झोपाळ्यावरून म्हणाले. "पोरगी मोठी झाली. तिला काय बॅलिस्टर करायची आहे?"

"सातवी करायची आहे, खोत. बॅलिस्टरचं मागाहून बघू."

खोतांनी रीत मोडून चूल पेटवायला सांगितली. लाकडं वाळकी होती, पण जाळ धरेना. दुसऱ्या दिवशी शेजारच्या चुली विझल्या. चौथ्या दिवशी साऱ्या गावात धूर दिसेना, असं म्हणतात. बाया खोतांच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. बोलली एकटी धाकूची आई.

"खोत, माझ्या दारात हे उशिरा बसले."

खोतांनी मान खाली घातली. आतल्या दाराची कडी निघाली आणि मथुरा दप्तर घेऊन बाहेर आली.

"काय खाल्लंस?" मास्तरांनी विचारलं. आवाज जेमतेम फुटत होता.

"काही नाही, मास्तर."

"मग आधी खा."

आत जाऊन तिने फुंकर घातली आणि चूल भडकली. पेजेचा पहिला वाडगा घेऊन ती बाहेर आली, तेव्हा मास्तरांचं डोकं चौकटीला टेकलेलं होतं. ते गेले होते. मथुरा त्यांच्याशेजारी बसली. त्यांनी सांगितलं होतं म्हणून तिने ती पेज शेवटच्या घोटापर्यंत संपवली. मग ती शाळेत गेली.

पुढे खोतांनी ती पायरी उखडून शाळेच्या फाटकात बसवली. कातळसुरीला जो हेडमास्तर येतो, तो आजही सकाळी तिच्यावर बसतो आणि एकेका पोराला विचारतो. तपासणीला साहेब आले, तरी त्यांना ताटकळावं लागतं.

पहिलं नाव ठरलेलं आहे.

"धाकू, काय खाल्लंस?"

पोरं रांगेत उभी असतात. मागे डोहाचं पाणी ऐकू येतं. मास्तर उत्तराची वाट बघतात, आणि तेवढा वेळ दुसरं नाव घेत नाहीत.