पहिल्या खातेदाराची ओळख

मंडळी, पैसा सांभाळायला द्यायचा तर भरवसा कोणावर ठेवावा, घरच्या माणसावर की परक्या साहेबावर? सगुणा कासारणीला हा प्रश्न पडला तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि पेठेत पहिली बँक उघडली होती. बांगड्या विकून तिने साठवलेल्या नोटा दिराने पिठाच्या डब्यातून लांबवल्या होत्या. उरलेल्या पदरात बांधून ती बँकेत पोचली.

टाय लावलेल्या मॅनेजरसाहेबांनी तिला न्याहाळलं. "तुम्हाला ओळखणारा आमचा एखादा खातेदार आणा. अनोळखी माणसाचं खातं आम्ही उघडत नाही."

"खातेदार किती आहेत तुमचे?"

"बँक आजच उघडलीय. अजून कोणी नाही."

"मग असं बघा, साहेब. पैसे माझे, ठेवून घेणार तुम्ही. मी पळाले तर तुमचा फायदाच. तुम्ही पळालात तर मी कोणाला धरू? ओळख तुमची पाहिजे. या गावात तुम्हाला ओळखतं कोण?"

हे ऐकून मागे रांगेतले व्यापारी पैशांच्या सोडलेल्या पिशव्या पुन्हा बांधायला लागले. साहेबांनी घाईघाईने एक नंबरचं खातं सगुणाच्या नावे लिहिलं आणि हळूच म्हणाले, "बाई, आता या सगळ्यांची ओळख तेवढी तुम्ही द्या."

सगुणा बाकावर ऐसपैस बसली. पहिले आले धोंडूशेठ.

"ओळखते की," ती म्हणाली, "बायकोच्या बांगड्यांचे पैसे दिवाळीपर्यंत लांबवतात, पण बुडवत नाहीत. उघडा खातं."

तेव्हा बाबांनो, हिशेब चोख ठेवा. तुमची ओळख द्यायला बाकावर कोण बसलेलं असेल, सांगता येत नाही.